पिवळ्या पाटीमागची बाग: कॉट्सवोल्ड्समधले चार दिवस

शुक्रवार: लंडन ते चिपिंग कॅम्डन

इंग्लंडमधल्या खेड्यातली खासगी बाग एरवी कुंपणावरून दिसेल तेवढीच. पण जूनमधल्या एखाद्या रविवारी फाटकाला पिवळी पाटी लागते. साधारण पाच ते सात पौंड दिले की कोणालाही आत जाता येतं, आणि ती बाग स्वतःच्या हातांनी करणारी माणसं वाफ्याशी उभी राहून प्रश्नांची उत्तरं देतात. हे सगळं जुळवून आणणाऱ्या संस्थेचं नाव नॅशनल गार्डन स्कीम. घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी हवा होता, तेव्हा क्वीन्स नर्सिंग इन्स्टिट्यूटच्या समितीवरच्या एल्सी वॅग यांनी सुचवलं की चांगल्या बागा लोकांना उघडाव्यात आणि माणशी एक शिलिंग घ्यावा. १९२७ साली ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली. आता इंग्लंड-वेल्समध्ये अशा हजारो बागा आहेत. पैसा अजूनही मुख्यतः परिचारिका, कर्करुग्ण आणि शेवटच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थांकडे जातो.

बाग घरी बसूनच निवडावी. संस्थेच्या संकेतस्थळावर तारीख आणि गाव टाकलं की यादी येते. तीत तीन गोष्टी बघायच्या. पहिली, बाग एकटी आहे की गावातल्या पाच-सहा बागा मिळून एका तिकिटात उघडल्या आहेत. शिकायचं असेल तर एकटी बाग बरी, कारण मालक एकाच जागी सापडतात आणि गर्दी विरळ असते. दुसरी, रोपांची विक्री आहे का. ती असेल तर मालक स्वतः रोपं तयार करतात, म्हणजे बी कधी टाकायचं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. तिसरी, मातीचा उल्लेख. यादीतल्या चार ओळींत ज्याला आपल्या मातीबद्दल सांगावंसं वाटतं, त्याच्याशी बोलायला जावं. कॉटेज बागेसाठी, म्हणजे खेड्यातल्या घराभोवतीच्या दाटीच्या, मिश्र बागेसाठी, जूनचा दुसरा किंवा तिसरा आठवडा धरावा. गुलाब, डेल्फिनियम, फॉक्सग्लव्ह आणि जिरेनियम तेव्हा एकदम फुललेले असतात. जुलैच्या मध्यावर गेलं तर पहिला बहर ओसरलेला आणि दुसरा यायचा असतो.

पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डमार्गे वूस्टरकडे जाणारी गाडी मोरटन-इन-मार्शला पावणेदोन तासांच्या आत सोडते. तिथून कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातल्या चिपिंग कॅम्डनला बस आहे, अर्ध्या तासाची. रविवारी मात्र या भागात बस मिळेलच असं धरून चालू नये. रविवारच्या बागेसाठी टॅक्सी शुक्रवारीच ठरवून टाकावी, ती आयत्या वेळी मिळत नाही.

कॅम्डनला संध्याकाळी पोचलं तरी जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. तो वेळ अर्नेस्ट विल्सन यांच्या स्मृत्यर्थ केलेल्या छोट्या बागेत घालवावा. चीनमधून शेकडो वनस्पती युरोप-अमेरिकेत आणणारे विल्सन याच गावी १८७६ साली जन्मले. आज इंग्लंडमधल्या कितीतरी कॉटेज बागांत दिसणारी पांढरी, सुवासिक रीगल लिली त्यांनीच आणली. १९१० साली मिन नदीच्या खोऱ्यात तिचे कंद जमवताना दरड कोसळून त्यांचा पाय मोडला होता. 'अस्सल इंग्लिश' म्हणून मिरवणाऱ्या या बागेतली निम्मी झाडं चीन, तुर्कस्तान आणि अमेरिकेतून आलेली आहेत, हे पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलेलं बरं. जाता जाता, इथून मैलभरावरच्या ब्रॉड कॅम्डनमध्ये भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी काही वर्षं राहत होते. त्यांचं घर या परिसरातल्या हस्तकला चळवळीचे अध्वर्यू सी. आर. अॅशबी यांनी दुरुस्त करून दिलं होतं.

शनिवार: हिडकोट आणि किफ्ट्सगेट

लहान बाग बघण्याआधी मोठी बघितली की नजर तयार होते. कॅम्डनपासून सहा-सात किलोमीटरवर हिडकोट आहे. लॉरेन्स जॉन्स्टन यांच्या आईनं १९०७ साली ही जागा घेतली. जॉन्स्टन यांनी पुढची चाळीसेक वर्षं ती घडवली, आणि १९४८ साली ती वारसास्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. केवळ बाग म्हणून ट्रस्टनं स्वीकारलेली ही पहिली जागा.

हिडकोटमध्ये कुंपणं बघावीत. यू, हॉली, बॉक्स आणि बीच या झाडाझुडपांच्या कापलेल्या भिंतींनी जागेच्या खोल्या पाडल्या आहेत, आणि प्रत्येक खोलीत झाडं मात्र खेड्यातल्या अंगणासारखी दाटीनं, एकमेकांत मिसळून लावलेली. चौकट सरळ आणि आतलं सगळं सैल, असा हा मेळ आहे. चौकट नसेल तर सैलपणा फक्त पसारा दिसतो. लहान बागेत यूच्या भिंतीला जागा नसते, पण तेच काम एक सरळ वाट, एक कापलेलं झुडूप आणि एक फाटक करतं. उद्याच्या बागेत हे आधी शोधायचं.

रस्त्यापलीकडे किफ्ट्सगेट कोर्ट आहे. हीदर म्युअर, त्यांची मुलगी आणि मग नात अशा तीन पिढ्यांतल्या बायकांनी ही बाग केली. आजही ते कुटुंब तिथे राहतं. उघडण्याचे वार ठरलेले आहेत, ते बघूनच जावं. इथला 'किफ्ट्सगेट' गुलाब झाडांच्या शेंड्यापर्यंत चढला आहे. तो जूनअखेर-जुलैत फुलतो, त्यामुळे जूनच्या मध्याला बहुधा नुसत्या कळ्याच मिळतात. घराच्या बागेत लावायचा विचारही करू नये. हा गुलाब पाच-दहा वर्षांत शेजाऱ्याचं छप्पर गाठतो.

एका दिवसात दोन्ही बागा होतात. हिडकोट सकाळी, किफ्ट्सगेट दुपारी.

रविवार: उघडी बाग

कॅम्डनपासून काही मैलांवरचं लहान गाव. मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाचं घर, पुढे-मागे मिळून पाव एकर, म्हणजे दहा गुंठे जमीन. वेळ दुपारी दोन ते पाच. दोनच्या ठोक्याला पोचावं. तीनला चहाची रांग लांबते, चारपर्यंत चांगले केक संपतात, आणि मालकांशी निवांत बोलायचं तर पहिला पाऊण तासच हाती असतो. पाठीवरची पिशवी मुक्कामावरच ठेवून जावी. वाटा अरुंद असतात, वळताना पिशवीचा धक्का लागला की डेल्फिनियमचा पोकळ दांडा सरळ मोडतो. वाफ्यात पाऊल टाकू नये. फुलं चिरडतात ते दिसतं, पण माती दाबली जाते ते दिसत नाही, आणि ते नुकसान जास्त टिकतं. बी किंवा काडी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. गवताच्या परागांनी शिंका येणाऱ्यांनी गोळी सकाळीच घ्यावी, जून हा त्यांचा सर्वांत वाईट महिना.

ही बाग परसासारखीच. फुलं, भाजी, औषधी आणि फळझाड एकत्र. लेट्युसच्या ओळीला कॅलेंडुलाची कड आहे, सफरचंदाखाली चाइव्ह आहेत, घेवड्याच्या काठ्यांवर एका बाजूनं स्वीट पी चढवलेली. बघायला सगळं आपोआप उगवल्यासारखं वाटतं. तसं अजिबात नाही, आणि ते समजून घ्यायचं तर फुलांवरून नजर काढून जमिनीकडे न्यावी लागते.

वाटेच्या कडेचा एक मीटर लांब-रुंद तुकडा घ्या. काठाला अल्केमिला, तिची हिरवट-पिवळी फुलं वाटेवर सांडलेली. मागे निळं जिरेनियम. त्यातून वर आलेले फॉक्सग्लव्हचे चार दांडे. मधे अॅक्विलेजियाची फुलं संपून बोंडं धरलेली. सर्वांत मागे गुलखैऱ्याची मोठी पानं, तो जुलैत फुलणार. पानं बाजूला सारली की खाली ट्युलिपची वाळलेली पाती आणि विसरून राहिलेलं एखादं फरगेट-मी-नॉट सापडतं. म्हणजे एवढ्याशा जागेत एप्रिल, मे, जून आणि जुलै असे चार महिने एकावर एक रचलेले आहेत. ही रचना टिकते ती वेळेवर उपटण्यानं. फरगेट-मी-नॉट करडं पडू लागलं की मेअखेरीस मुळासकट काढून, बी हवं तिथे झटकून, झाड खताच्या ढिगावर. आठवडाभर उशीर झाला तर त्याच्यावर भुरी येते आणि खालची कोवळी रोपं उजेडावाचून पिवळी पडतात. अल्केमिलाची फुलं तपकिरी होण्याआधी पानांसकट जमिनीलगत कापायची, दोन-तीन आठवड्यांत नवी पानं येतात. कापली नाही तर तिचं बी वाटेच्या प्रत्येक फटीत रुजतं आणि मग तिथून निघता निघत नाही. जिरेनियमलाही हीच वागणूक, वर बादलीभर पाणी.

फॉक्सग्लव्ह दोन वर्षांचं झाड: पहिल्या वर्षी पानांचा झुबका, दुसऱ्या वर्षी फुलं, मग मरण. त्यामुळे बागेत दरवर्षी फुलं हवी असतील तर दोन वयांची रोपं एका वेळी असावी लागतात. बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्याला उजेड लागतो, वरून माती टाकली तर उगवत नाही. ज्यांना पांढरीच फुलं हवीत त्यांच्यासाठी इथल्या मालकीणबाईंनी एक रोप उपटून दाखवलं. पानाच्या देठावर आणि मधल्या शिरेवर जांभळी झाक असेल तर फूल जांभळं येणार, देठ स्वच्छ हिरवा असेल तर पांढरं. बोटभर रोप असतानाच ही निवड करता येते, वर्षभर थांबावं लागत नाही. मुलांना मात्र या झाडापासून लांब ठेवा, ते पानापासून बियांपर्यंत विषारी आहे.

आता आधार. जूनमधल्या एका वादळी पावसात आडवी झालेली बाग आणि उभी राहिलेली बाग यांतला फरक एप्रिलमध्ये ठरलेला असतो. इथे हेझल झाडाच्या फांदोऱ्या वापरल्या आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पालवी फुटण्याआधी कापलेल्या, साधारण मीटरभर उंचीच्या. झाड वीतभर असतानाच त्या भोवती खोचायच्या आणि शेंडे आतल्या बाजूला वाकवून एकमेकांत गुंतवायचे. झाड त्यातून वाढतं आणि मेअखेर काटक्या दिसेनाशा होतात. उशिरा, पडल्यावर बांधलं, तर झाड गळा आवळल्यासारखं दिसतं आणि शेंडे वाकडेच राहतात. डेल्फिनियमला ही युक्ती पुरत नाही. तिथे प्रत्येक दांड्याला स्वतंत्र बांबूची काठी, दोरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, दांड्याभोवती सैल. फुलं संपल्यावर दांडा कापला की सप्टेंबरमध्ये दुसरा, लहान बहर येतो.

फ्लॉक्स, हेलेनियम, सीडम अशा उशिरा फुलणाऱ्या झाडांवर मेअखेरीस कात्री चाललेली दिसली. लंडनमधलं चेल्सीचं पुष्पप्रदर्शन याच सुमारास असतं, म्हणून या कापणीला 'चेल्सी चॉप' म्हणतात. तिसरा हिस्सा ते निम्मं झाड कापायचं. झाड बुटकं आणि भरदार होतं, आधार लागत नाही, फुलं काही आठवडे पुढे जातात. इथली खुबी अशी की झुडपाचा पुढचा अर्धा भागच कापला होता. मागचा आधी फुलेल, पुढचा नंतर. जे झाड एकदाच, एकाच दांड्यावर फुलतं, त्यावर हा प्रयोग करायचा नाही, वर्षाचा बहर जातो.

घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर गुलाब. बहुतेक लोक त्याचा फोटो लांबून घेतात, बघायचं असतं ते जवळून. भिंतीत डोक्याला भोक असलेले खिळे, त्यांतून आडव्या तारा, दोन तारांत ४५ सेंटिमीटर अंतर. तार भिंतीपासून पाच सेंटिमीटर पुढे, म्हणजे पानांमागून वारा खेळतो आणि काळे ठिपके कमी पडतात. फांद्या आडव्या, जवळजवळ जमिनीला समांतर वाकवून बांधलेल्या. उभी फांदी सगळा जोर शेंड्याला लावते आणि फुलं पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी येतात. आडवी केली की प्रत्येक डोळ्यातून फुटवा निघतो आणि भिंत खालपासून भरते. वाकवायचं काम हिवाळ्यात, फांदी लवचिक असताना, टप्प्याटप्प्यानं. फांदी तारेच्या पुढच्या बाजूनं बांधायची, तारेमागे खुपसायची नाही, नाहीतर ती जाड होऊन तार आणि खिळा दोन्ही उखडते. झाडाचं आळं भिंतीपासून किमान ४५ सेंटिमीटर दूर. भिंतीच्या पायाशी पाऊस पोचतच नाही, आणि तिथे लावलेला गुलाब का रोडावतो हे लोकांना वर्षानुवर्षं कळत नाही.

मातीबद्दल थोडं. इथे खोदलं की फावडं वीतभरावर चुनखडीच्या ठिसूळ दगडाला लागतं. पाणी झटकन निचरतं, सामू (पीएच) सातच्या वर. लॅव्हेंडर, डायँथस, जिप्सोफिला, स्केबियस, गुलखैरा या मातीत खुश असतात. अझेलिया-कॅमेलिया पिवळी पडून मरतात, आणि शहाणी माणसं त्यांच्या वाटेला जात नाहीत. वर्षातून एकदा, हिवाळा सरताना, ओल्या मातीवर पाच-सात सेंटिमीटर कुजलेल्या खताचं आच्छादन देतात. ते खोडाला चिकटू द्यायचं नाही, खोड कुजतं.

काय बिघडतं हेही बघून घ्यावं, मालकांना त्याबद्दल विचारलेलं आवडतं. गुलखैऱ्याच्या खालच्या पानांवर मागून नारिंगी पुळ्या होत्या, तो तांबेरा. खालची पानं दिसताक्षणी तोडून टाकायची आणि झाड दोन वर्षांचंच मानून जुनं उपटायचं, नव्या रोपांना लागण उशिरा होते. बाकल्याच्या शेंड्यांवर काळा मावा. पहिल्या शेंगा धरल्या की शेंडा खुडला तर तो निम्मा जातो. लिलीवर लालभडक भुंगेरा. त्याला पकडायला गेलं की तो पोटावर पाय दुमडून उलटा जमिनीवर पडतो, आणि काळं पोट मातीत दिसत नाही. म्हणून आधी एक तळहात पानाखाली धरायचा, मग दुसऱ्या हातानं त्याला हलवायचं. त्याच्या अळ्या स्वतःच्याच विष्ठेचा चिकट थर पाठीवर घेऊन पानामागे बसतात, त्या ओल्या फडक्यानं पुसून काढायच्या. बिनशंखाच्या गोगलगाईंसाठी पूर्वी वापरायच्या मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या ब्रिटनमध्ये २०२२पासून बंद आहेत. आता अंधार पडल्यावर विजेरी घेऊन हातानं वेचणं, किंवा जमीन पाच अंशांच्या वर तापली की गोगलगाईंना मारणारे सूत्रकृमी पाण्यातून सोडणं. वाटेच्या कडेचं बॉक्सचं बुटकं कुंपण इथे काढून टाकलेलं आहे. एक तर बुरशीनं फांद्या काळ्या पडतात, दुसरं म्हणजे गेल्या दशकात पसरलेल्या पतंगाच्या अळ्या काही दिवसांत कुंपणाचा सांगाडा करतात. त्याजागी यूची लहान रोपं लावली आहेत. ती कुंपण व्हायला पाच-सहा वर्षं घेतील. बॉक्स वाचवण्यासाठी दरवर्षी फवारत बसण्यापेक्षा हा निर्णय आम्हाला पूर्ण पटतो.

मालकांना 'हे कोणतं फूल?' एवढंच विचारून थांबू नये. 'याच्या जागी मार्चमध्ये काय असतं?' आणि 'फुलं गेल्यावर ही जागा कशानं भरता?' असं विचारावं. इथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ओरिएंटल पॉपीपाशी मिळालं. ती जूनअखेर जमिनीलगत कापली की मीटरभर भगदाड पडतं. त्याच्या मागे जिप्सोफिला लावलेली असते, ती जुलैत पुढे पसरते. उरलेल्या जागेत मेमध्ये कुंडीत वाढवलेले डेलिया उतरवतात.

चहा गावातल्या हॉलमध्ये नव्हता, मागच्या हिरवळीवरच होता. त्याचेही पैसे बहुधा मदतनिधीलाच जातात, म्हणून थर्मास नेऊ नये. सुट्टी नाणी ठेवावीत, खेड्यात कार्डाचं यंत्र प्रत्येक वेळी चालतंच असं नाही. स्वच्छतागृह बहुतेक खासगी बागांत नसतं, ती सोय आधी उरकून जावी.

रोपांच्या टेबलावर घाई करू नका. कुंडी उलटी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढून बघा. पांढरी मुळं कडेपर्यंत आलेली हवीत, गोल गोल गुंडाळलेली नकोत. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी दिसली तर ती व्हाइन विव्हिलची. ती मुळं खाते, रोप तिथेच ठेवा. पानांच्या कडा अर्धगोल कुरतडलेल्या असतील तर तोच किडा. गोळ्यात जाड, पांढरी, ठिसूळ मुळी आरपार गेलेली असेल तर ती बहुधा बाइंडवीडची. एक इंचाचा तुकडा बागेत गेला की ती वेल वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही. रोप घेतल्यावर त्याच कुंडीवर नाव आणि रंग लिहून घ्या.

सोमवार: परत

मोरटनला जाणारी बस सोमवारी मिळते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी रोपं गाडीत पायाशी, उभी ठेवावीत आणि घरी गेल्यावर कुंडीसकट बादलीत बुडवून, बुडबुडे थांबले की बाहेर काढून, दुसऱ्या दिवशी लावावीत. भारतात परतणाऱ्यांनी मात्र रोपं, कंद आणि बियांची पाकिटं सोबत घेऊ नयेत. आयात परवाना आणि निघण्याच्या देशातलं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र असल्याशिवाय ती आणता येत नाहीत, आणि घरच्या बागेतल्या बियांना असं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

न्यायची गरजही नाही. गुलखैरा, लार्कस्पर, स्वीट पी, कॅलेंडुला यांचं बी महाराष्ट्रात मिळतं आणि पुणे-नाशिककडच्या हिवाळ्यात ही झाडं छान होतात. इंग्लंडमधला एप्रिल म्हणजे महाराष्ट्रातला ऑक्टोबर धरायचा. बाकी डेल्फिनियमचे बारमाही वाण, लॅव्हेंडर आणि फॉक्सग्लव्ह यांच्या मागे लागू नये, उन्हाळा किंवा पावसाळा त्यांना संपवतो. लार्कस्परला मूळ हललेलं सोसत नाही, म्हणून बी थेट वाफ्यातच टाकायचं, तेही पाऊस संपून रात्री गार पडू लागल्यावर. गरम मातीत ते उगवतच नाही. रोपं चार बोटांची झाली की विरळणी करून वीतभर अंतर ठेवायचं. गुलखैऱ्याला दीड-दोन फूट लागतात, आणि तो भिंतीला अगदी चिकटून लावला तर वारा कोंडून तिथेही तांबेरा येतो. स्वीट पीच्या वेलाला फुटभर वाढल्याबरोबर जाळी किंवा काटक्या द्यायच्या आणि फुलं एक दिवसाआड खुडत राहायचं. एकदा शेंगा धरल्या की वेल फुलं देणं थांबवतो.